यादीत २३ मैल, डोळ्यांना दहा: लाइट लिस्ट कोणती घ्यायची आणि कशी वाचायची

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःच्या शिडाच्या बोटीने दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याला जायचं आहे. बोटीवर चार्ट प्लॉटर (सागरी नकाशा म्हणजे चार्ट आणि त्यावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) आहे, शिवाय अमेरिकन लाइट लिस्ट, म्हणजे दीपगृहांच्या बत्त्यांची तपशीलवार यादी, फुकट मिळते म्हणून उतरवून ठेवली आहे. ती पुरेल का? आणि ‘२३ मैल’ लिहिलेली बत्ती मागच्या फेरीत दहा मैलांवर येईपर्यंत दिसलीच नाही, ती बंद होती का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: बत्ती बहुधा चालूच होती. तो आकडा कशाचा आहे हे यादीच्या सुरुवातीच्या पानांत छापलेलं असतं आणि ती पानं कोणी वाचत नाही. पहिल्याचं उत्तर: अमेरिकन यादी चुकीची नाही, पण आपल्या किनाऱ्यापुरती ती उशिरा पोचणारी आहे. आता दोन्ही सविस्तर.

कोकण किनाऱ्यावरची एखादी बत्ती बदलली, म्हणजे दिवा बदलला, झोताची लय बदलली किंवा ती तात्पुरती बंद पडली, की खबर उगमापासून निघते. मोठी बत्ती असेल तर दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडून. त्यांचं मुख्यालय नोएडाला आहे, समुद्रापासून इतक्या लांब की पहिल्यांदा ऐकणारा हसतोच. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये सागरी नौवहन साहाय्यक साधनांचा नवा कायदा आला, पण कामाची विभागणी ओळखीचीच राहिली आहे: किनाऱ्यावरच्या मोठ्या बत्त्या केंद्राच्या, बंदराच्या तोंडावरच्या आणि खाडीतल्या स्थानिक बत्त्या त्या त्या बंदराच्या. दोघांकडूनही माहिती जाते डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसकडे. भारतीय लाइट लिस्ट तेच काढतात आणि दर पंधरवड्याला ‘नोटिसेस टु मरिनर्स’ही (चार्ट आणि याद्यांतल्या बदलांची पत्रकं) तेच काढतात. तिथून ती माहिती ब्रिटिशांच्या टॉन्टनमधल्या जलसर्वेक्षण कार्यालयाकडे आणि अमेरिकेची लाइट लिस्ट काढणाऱ्या एनजीए या संस्थेकडे पोचते, आणि मग त्यांच्या याद्यांत उतरते.

म्हणजे तुम्ही उतरवलेलं ‘पब ११२’, जे पश्चिम पॅसिफिक आणि हिंदी महासागराचं आहे, ते कुलाब्याजवळच्या प्रॉन्ग्ज रीफच्या बत्तीबद्दल जे सांगतं ते डेहराडूनने सांगितल्यानंतरच. फुकट आहे, मांडणी चांगली आहे, उंची फूट आणि मीटर दोन्हींत देते, रेकॉनसुद्धा (रडारवर खूण उमटवणारी साधनं) त्यातच असतात. घरी बसून आखणी करायला मी ती खुशाल वापरीन. पण रात्री ज्या यादीवर भिस्त ठेवायची ती भारतीय, आणि तीही निघायच्या दिवसापर्यंत दुरुस्त केलेली. ब्रिटिश ॲडमिरल्टीची, म्हणजे टॉन्टनच्याच कार्यालयाची, यादी परदेशी जाणाऱ्या जहाजांवर असतेच. ती दर आठवड्याला दुरुस्त होते, म्हणून कोणाकडून ताजी प्रत मिळाली तर तीही उत्तम. नवी कोरी पण दुरुस्त न केलेली यादी आणि जुनी पण शेवटच्या नोटीसपर्यंत दुरुस्त केलेली यादी, यातून निवडायची वेळ आली तर दुसरी घ्या.

मोठ्या जहाजांना इथे पर्याय नसतो. समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला २७ वा नियम सांगतो की सफरीसाठी लागणारे चार्ट, सेलिंग डायरेक्शन्स, लाइट लिस्ट, नोटिसेस, भरती-ओहोटीची कोष्टकं पुरेशी आणि अद्ययावत असली पाहिजेत. जहाजावर हे काम सेकंड ऑफिसरच्या गळ्यात असतं. ब्रिटिश साप्ताहिक नोटिसेसचा पाचवा भाग खास लाइट लिस्टचा. कागदी यादीच्या काळात त्यातल्या पट्ट्या कात्रीने कापायच्या, यादीतल्या जुन्या नोंदीवर डिंकाने चिकटवायच्या, आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात आठवड्याचा क्रमांक टाकून सही करायची. पट्टीत ज्या रकान्यातली माहिती बदलली असेल त्याखाली चांदणीची खूण (*) असते, त्यामुळे नेमकं काय हललं ते शोधत बसावं लागत नाही. आता बहुतेक ठिकाणी ही यादी डिजिटल झाली आहे आणि दुरुस्ती एका बटणावर होते. सोय मोठी आहे. फक्त पट्टी चिकटवताना नोंद डोळ्यांखालून जायची, ती आता जात नाही.

आता चार्ट प्लॉटरबद्दल, कारण खरा गैरसमज तिथे आहे. चार्टवर बत्ती दिलेलीच आहे, मग वेगळी यादी कशाला, असं सगळ्यांना वाटतं. ॲडमिरल्टीच्या नोटिसेसमध्येच स्पष्ट बजावलेलं आहे की बत्त्यांच्या बाबतीत अंतिम अधिकार लाइट लिस्टचा, आणि बरेच बदल, विशेषतः तात्पुरते पण कामाचे, फक्त यादीच्या दुरुस्तीतूनच जाहीर होतात. चार्ट त्या बदलासाठी सुधारला जाईलच असं नाही. शिवाय चार्टवर जागा कमी. लहान प्रमाणाच्या चार्टवर तर बत्तीचा बराच तपशील गळतो. प्लॉटरमधला डेटा हा चार्टवरून बनवलेला, तोही तुम्ही शेवटचा अपडेट केव्हा घेतला त्यावर. तेव्हा पडद्यावर दिसणारी बत्ती आणि यादीतली बत्ती यांत फरक पडला तर यादी धरा, आणि दोन्हींच्या तारखा बघा.

एक नोंद उलगडून बघू. ही मी समजावण्यासाठी रचली आहे, किनाऱ्यावर अशी बत्ती नाही, तेव्हा तिच्यावर बोट नेऊ नका:

क्रमांक, जागेचं नाव, अक्षांश-रेखांश, एफएल (३) डब्ल्यू १५ एस, ४० मी, २३ मैल, पांढरा गोल बुरूज, लाल पट्टे, १२ मी, दिसते ३४५°–१६५°.

क्रमांकापासून सुरुवात करा, कारण नावं फसवतात. एकाच जागेची इंग्रजांनी केलेली स्पेलिंगं, नंतरची, आणि नव्याने दिलेली नावं अशी सरमिसळ सगळ्या याद्यांत आहे. खांदेरीची १८६७ सालची बत्ती जुन्या कागदांत एका नावाने, नव्यात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने सापडेल. ॲडमिरल्टीचा क्रमांक मात्र आंतरराष्ट्रीय क्रमांक म्हणूनही चालतो, आणि अमेरिकन यादीत त्यांच्या स्वतःच्या क्रमांकाखाली तो तिरप्या अक्षरांत दिलेला असतो. दोन याद्यांची तुलना करायची तर तोच धागा. दोन जुन्या बत्त्यांच्या मध्ये नवी आली तर तिला दशांशाचा क्रमांक मिळतो, म्हणून अशा क्रमांकांनी गोंधळू नका. याद्या किनाऱ्याकिनाऱ्याने जातात, त्यामुळे पुढची नोंद म्हणजे साधारण पुढची बत्ती. ॲडमिरल्टीच्या यादीत १५ मैल किंवा जास्त पल्ल्याच्या बत्तीचं नाव ठळक छापतात. पान नुसतं चाळलं तरी मोठ्या बत्त्या डोळ्यांत भरतात.

‘एफएल (३) डब्ल्यू १५ एस’ म्हणजे पांढरे तीन झोत, आणि हा सगळा खेळ दर १५ सेकंदांनी पुन्हा. एफएल असेल तर अंधार जास्त, उजेड कमी. ओसी म्हणजे उलट: दिवा लागलेला असतो आणि मधूनच झाकला जातो. आयएसओ म्हणजे दोन्ही सारखे. क्यू म्हणजे मिनिटाला ५० ते ७९ लुकलुक, व्हीक्यू म्हणजे ८० ते १५९. वेळ मोजताना पहिल्या झोताच्या सुरुवातीपासून पुढच्या फेरीतल्या पहिल्या झोताच्या सुरुवातीपर्यंत मोजा, आणि एकदा नाही, निदान तीनदा मोजा. तोंडाने एक-दोन-तीन म्हणून नाही, स्टॉपवॉच लावून. थकलेला माणूस रात्री तीन वाजता जी बत्ती दिसायला हवी तिचेच सेकंद मोजतो. म्हणून बत्तीकडे बघणाऱ्याला यादी वाचून दाखवू नका. त्याने आधी सेकंद सांगावेत, मग दुसऱ्याने यादीत बघावं.

या शिस्तीची आपल्या किनाऱ्यावर जास्तच गरज आहे. जाळ्यांच्या टोकांना आता स्वस्त लुकलुकणारे एलईडी लावतात, पांढरे, लाल, हिरवे, मनाला येईल ते. जवळचा बारका दिवा लांबच्या मोठ्या बत्तीसारखा दिसतो. त्याला ठरलेली लय नसते किंवा असली तरी यादीत नसते, त्यामुळे घड्याळ लावलं की तो उघडा पडतो.

आता ४० मीटर आणि १२ मीटर. ४० ही दिव्याची उंची, उधाणाच्या भरतीच्या सरासरी पाण्यापासून मोजलेली. १२ ही बुरुजाची उंची, पायथ्यापासून. कोकणात बत्त्या कड्यांवर, किल्ल्यांवर असल्याने या दोन आकड्यांत खूप फरक पडतो. दिवसा शोधताना कड्याच्या डोक्यावरचा बुटका बुरूज शोधायचा असतो, ४० मीटर उंच मनोरा नाही. बुरुजाचा रंग आणि आकार यासाठीच दिलेला असतो. रंग उडाला, झाडं वाढली, शेजारी मोबाइलचा टॉवर आला, तर वर्णन फसतं, तरी दिवसा दुसरा आधार नसतो.

आणि २३ मैल. हा ‘नॉमिनल’ पल्ला आहे, म्हणजे हवा अशी असताना की दृश्यमानता १० सागरी मैल आहे. दिव्याची ताकद सांगायचं ते एक ठरीव माप. त्यात पृथ्वीची गोलाई धरलेली नाही, तुमच्या डोळ्यांची उंची धरलेली नाही, आणि त्या रात्रीची हवा तर नाहीच. त्यामुळे प्रत्यक्ष पल्ला काढायला दोन आकडे लागतात आणि त्यातला लहान तो खरा.

पहिला आकडा गोलाईचा. दिव्याची उंची आणि तुमच्या डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, २.०३ ने गुणा. काही कोष्टकांत २.०८ असतं, फरक किरकोळ आहे. ४० मीटरच्या दिव्यासाठी मोठ्या जहाजाच्या २५ मीटर उंच ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात) माणसाला साधारण २३ मैल मिळतात. तुम्ही कॉकपिटमध्ये बसलेले, डोळा पाण्यापासून अडीच मीटर वर: तुम्हाला १६. त्यापलीकडे बत्ती क्षितिजाखाली आहे, मग दिवा कितीही दांडगा असो. आकाशात तिची प्रभा फिरताना दिसू शकते आणि ती उपयोगीही पडते, पण बत्ती दिसली असं नोंदवू नका.

दुसरा आकडा हवेचा. यादीच्या सुरुवातीला एक आलेख असतो: वर नॉमिनल पल्ला, आत दृश्यमानतेच्या वक्ररेषा. २३ मैलांच्या बत्तीसाठी दृश्यमानता ५ मैलांवर आली तर पल्ला साधारण १३ मैल. ३ मैलांवर आली तर ९ च्या आत. २ मैलांवर आली तर सहाच्या आसपास. दिवाळीनंतरच्या रात्री मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) सुटतो आणि जमिनीवरचा धूर, धूळ, शेकोट्यांचं धुरकं सगळं पाण्यावर आणून टाकतो. वर चांदण्या लख्ख दिसतात, म्हणून हवा स्वच्छ वाटते, आणि क्षितिजाजवळ पाच मैलांपलीकडे काही नसतं. तुमची दहा मैलांची बत्ती यात चपखल बसते.

तुम्ही ती मुंबईच्या बाजूने शोधत असाल तर आणखी एक कारण आहे. पाठीमागे शहराचा झगमगाट असला की डोळ्यांना जास्त ताकदीचा उजेड लागतो. मोठ्या शहराच्या पार्श्वभूमीसाठी शंभरपट धरायचा संकेत आहे. तो धरून हिशेब केला तर दृश्यमानता पुरी १० मैल असतानाही २३ मैलांची बत्ती १२ मैलांवर येते. कुलाब्याच्या टोकाजवळची १८७५ सालची प्रॉन्ग्ज रीफची बत्ती बांधली तेव्हा मागे काय उजेड असेल, आणि आता काय आहे!

हा हिशेब आधी करून ठेवण्याचा फायदा असा की बत्ती ‘केव्हा दिसायला हवी’ हे कळतं. वेळेवर दिसली नाही तर काहीतरी बिघडलं आहे: हवा, तुमची जागा किंवा बत्ती. हिशेब न करणारा २३ मैलांपासून वाट बघतो आणि दहा मैलांपर्यंत अस्वस्थ होऊन कुठल्यातरी ट्रॉलरच्या दिव्याला बत्ती ठरवतो.

शेवटचा रकाना ‘दिसते ३४५°–१६५°’. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. यादीतल्या या दिशा समुद्रावरून बत्तीकडे बघतानाच्या असतात, खऱ्या उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बत्तीवर उभं राहून बाहेर बघतानाच्या नव्हेत. आपला किनारा समुद्राच्या पूर्वेला. बोटीतून बत्ती ३४५° पासून पूर्वेवरून १६५° पर्यंत दिसते म्हणजे तुम्ही तिच्या पश्चिमेला, समुद्रात आहात. हेच कोणी बत्तीवरून मोजलं तर उजेड सह्याद्रीकडे पडतो आणि समुद्र अंधारात राहतो. रंगीत सेक्टर (ठरावीक दिशांनाच वेगळ्या रंगाचा उजेड) असतील तर ही चूक जिवावर येते, कारण लाल सेक्टर बहुतेकदा खडकावर टाकलेला असतो. चार्टवर रेषा काढताना दिलेल्या अंशात १८० मिळवा आणि बत्तीपासून बाहेर काढा. सेक्टरची कड धारदार नसते, रंग हळूहळू बदलतो. पांढऱ्याच्या काठाला लागून चालू नका, पुरतं आत राहा. लांबून धुरकटात पांढरा दिवा लालसर दिसतो, हेही ध्यानात असू द्या.

यादीत नसलेल्या गोष्टी थोडक्यात. ॲडमिरल्टीच्या यादीत ८ मीटरपेक्षा कमी उंचीचे तरते बोये सहसा नसतात, म्हणून खाडीच्या तोंडचा बोया यादीत सापडला नाही तर तो नाहीच असं समजू नका, तो मोठ्या प्रमाणाच्या चार्टवर बघा. बोयांच्या रंगांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयएएलएच्या ‘अ’ विभागात आपण आहोत, बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला. अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उलट. रेकॉन आणि एआयएसवरच्या (रेडिओवरून आपली ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेच्या) खुणांचा तपशील ब्रिटिश मांडणीत रेडिओ सिग्नल्सच्या वेगळ्या खंडात जातो. प्लॉटरवर ९९४१९ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती भारतीय नौवहन खूण, आणि ‘व्हर्च्युअल’ असेल तर त्या जागी पाण्यात काहीच नसतं. धुक्याच्या भोंग्यांचा रकाना आपल्याकडे सोडून दिला तरी चालेल. मुंबई हायकडे जाणार नसाल तरी माहिती असावी: तेलाच्या फलाटांवरचे पांढरे दिवे मोर्समधलं ‘यू’ दाखवतात, दोन आखूड एक लांब, दर १५ सेकंदांनी.

तुमच्या सफरीसाठी मी असं करीन. सव्वादोनशे मैलांच्या आसपासचा रस्ता आहे. निघण्याआधी एका कागदावर क्रमाने प्रॉन्ग्ज रीफ, खांदेरी, कोर्लई, नानवेल, टोळकेश्वर, जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला रॉक्स आणि अग्वाद अशा नोंदी भारतीय यादीतून हाताने उतरवा. प्रत्येकीपुढे लय, सेकंद, तुमच्या डोळ्यांच्या उंचीचा पल्ला, आणि धुरकट रात्रीचा पल्ला असे चार आकडे. हाताने लिहायला सांगतो कारण लिहिताना सारख्या लयीच्या दोन बत्त्या लागोपाठ आल्या तर लक्षात येतं. वेंगुर्ला रॉक्सकडे खास लक्ष द्या. निवतीसमोर समुद्रात पसरलेले खडक आहेत, बत्ती त्यातल्या एकावर आहे, बाकीचे अंधारात. तिथे बत्ती दिसणं पुरेसं नाही, तिची दिशा सतत घेत राहा आणि बाहेरून जा. जमलं तर तो टप्पा दिवसा ठेवा.

निघायच्या दिवशी ताज्या नोटिसेस बघा, आणि वाटेत नॅव्हटेक्स (रेडिओवरून लेखी इशारे देणारी सेवा) चालू ठेवा. मुंबईखेरीज वेंगुर्ल्याचंही केंद्र आहे. ‘अनलिट’ असा शब्द एखाद्या बत्तीपुढे आला की कागदावर तिच्यापुढे फुली मारा, म्हणजे रात्री तिची वाट बघत बसणार नाही.

आणि खरंच एखादी बत्ती बंद किंवा लय चुकलेली आढळली, तर कळवा. आपला समुद्र ज्यात येतो त्या नॅव्हएरिया ८ या इशारा-क्षेत्राचं काम भारताकडेच, डेहराडूनच्या कार्यालयाकडे आहे. कळवताना यादीतला क्रमांक, तारीख आणि वेळ, तुमची जागा, बत्तीची दिशा, मोजलेले सेकंद आणि हवेची अंदाजे दृश्यमानता एवढं द्या. ‘बत्ती दिसली नाही’ एवढंच कळवलं तर त्यांनाही तोच प्रश्न पडेल जो तुम्ही मला विचारलात.